हरल्यावर पुन्हा पुकारलेलं नाव

नमस्कार, श्रोतेहो.

टेनिसच्या एकेरी स्पर्धेचं गणित अगदी सोपं. बत्तीस खेळाडू, एकतीस सामने, दर सामन्याला एकाची बॅग भरायची. शेवटी जो उरतो, तो एकटाच न हरलेला. आपण असंच धरून चालतो. पण व्यावसायिक पुरुष टेनिसमध्ये काही खेळाडू असे झाले, की ते स्पर्धेत हरले आणि त्याच स्पर्धेचा करंडकही घेऊन गेले. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आधी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, कसा भरतो ते पाहू. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीत 128 जागा असतात. त्यातल्या 104 क्रमवारीवर भरतात. आठ वाइल्ड कार्ड आयोजकांच्या मर्जीतली. उरलेल्या सोळा जागांसाठी पात्रता फेरी होते आणि तिथे पुन्हा 128 जण झुंजतात. ओळीने तीन सामने जिंकले, की मुख्य स्पर्धेचं दार उघडतं. विम्बल्डनची पात्रता फेरी तर विम्बल्डनमध्ये होतच नाही, ती रोहॅम्प्टनला होते. म्हणजे तिसरा सामना हरलेला खेळाडू विम्बल्डनच्या हिरवळीवर पाऊलही न ठेवता परततो. माझं विचाराल तर खरी चुरस याच आठवड्यात असते, पण तेव्हा टीव्हीवाले दुसरंच काही दाखवत असतात.

आता समजा, मुख्य ड्रॉमधल्या एखाद्याचा खांदा धरला, पाठ भरली आणि पहिल्या सामन्याआधीच त्याने माघार घेतली. त्याची जागा रिकामी ठेवून प्रतिस्पर्ध्याला फुकट पुढे चाल देण्यापेक्षा, पात्रतेत हरलेल्यांपैकी एकाला आत घेतात. त्याला म्हणतात लकी लूझर. मराठीत ‘नशीबवान पराभूत’ असं म्हणून बघा, कुणाची तरी थट्टा चालल्यासारखं वाटतं. म्हणून लकी लूझरच बरा.

पण नशिबाला इथे सहीची जोड लागते. मुख्य स्पर्धेची पहिली फेरी संपेपर्यंत रोज सकाळी रेफरीच्या कार्यालयात जायचं, ठरलेल्या वेळेआधी कागदावर सही करायची आणि बॅग घेऊन थांबायचं. कुणाचा नंबर आधी, ते क्रमवारीवर ठरतं, कधी चिठ्ठ्याही टाकतात. सही नाही, तर जागा रिकामी झाली तरी तुमचं नाव पुकारलं जात नाही. दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बघत बसायचं, हे काम फारसं सुखाचं नाही. शिवाय बहुतेकांना पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातली छोटी स्पर्धा गाठायची असते. इथे थांबावं की निघावं? विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं भाडं खिशातूनच जातं.

2017 साली विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर एकाच दिवशी, जोकोविच आणि फेडरर या दोघांचेही प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत सामना अर्धवट सोडून गेले. प्रेक्षक चिडले. पण खेळाडूची बाजूही समजून घ्या. पहिल्या फेरीत नुसतं कोर्टवर उतरलं तरी बक्षिसाची पूर्ण रक्कम पदरात पडायची, आणि आधीच माघार घेतली तर हात रिकामे. मग दुखरा पाय घेऊन कोण उतरणार नाही? पुढच्या वर्षीपासून नियम बदलला. स्पर्धेच्या ठिकाणी येऊन दुखापतीमुळे वेळेत माघार घेतली, तर पहिल्या फेरीची निम्मी रक्कम त्याला मिळते आणि उरलेल्या निम्म्यावर लकी लूझर खेळतो. झालं, 2018 मध्ये पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये माघारींची रांगच लागली.

अर्जेंटिनाचा मार्को ट्रुंगेलिटी पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात हरून बार्सिलोनाला, आपल्या घरी पोचला होता. जागा रिकाम्या होत होत्या, हरलेल्यांची यादी खाली खाली सरकत होती. भारताच्या प्रज्ञेश गुणेश्वरनला संधी होती, पण तो पॅरिस सोडून इटलीत विचेन्झाच्या चॅलेंजरला, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेला, गेला होता. ट्रुंगेलिटीला सांगावा आला: अजून एक जागा निघू शकते, पण सही करायला इथे हजर राहावं लागेल. घरात आई, धाकटा भाऊ आणि ऐंशी ओलांडलेली आजी. आजी तेव्हा अंघोळ करत होती. तिला बाहेर बोलावून सांगितलं, चला, पॅरिसला जायचंय. भाड्याच्या गाडीत चौघं बसले आणि सुमारे हजार किलोमीटर, दहा तास गाडी हाकून मध्यरात्रीच्या सुमाराला पॅरिसला पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निक किरियोसने कोपराच्या दुखापतीमुळे माघार घेतली आणि त्याची जागा ट्रुंगेलिटीला मिळाली. अकरा वाजता समोर बर्नार्ड टॉमिक. अंगात रस्त्याचा शीण, झोप जेमतेम, आणि स्कोअर 6-4, 5-7, 6-4, 6-4. ट्रुंगेलिटी जिंकला! या विजयाने त्याची कमाई 79 हजार युरोंची झाली. नातवापेक्षा पत्रकारांनी आजीचेच फोटो जास्त काढले असावेत, असा माझा अंदाज आहे.

करंडक जिंकणारे लकी लूझर मात्र फार थोडे. 1978 मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइन्झ गुंथार्टने अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला ते करून दाखवलं. 2009 मध्ये अमेरिकेतल्याच न्यूपोर्टच्या गवतावर राजीव राम जिंकला. 2017 मध्ये क्रोएशियातल्या उमागला आंद्रे रुब्लेव्ह. वय एकोणीस, पात्रतेत अटिला बालाझकडून हार, आणि आठवडा संपताना हातात कारकिर्दीतलं पहिलंच विजेतेपद.

आणि इटलीचा मार्को सेचिनाटो. एप्रिल 2018, बुडापेस्ट. पात्रतेत हरला, लकी लूझर म्हणून आत आला आणि अंतिम सामन्यात जॉन मिलमनला हरवून विजेता झाला. तोवर त्याचं नाव टेनिसच्या पक्क्या चाहत्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने हाच सेचिनाटो पॅरिसला आला, या वेळी थेट प्रवेश घेऊन. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर कोण उभं ठाकलं? गाडी हाकत आलेला ट्रुंगेलिटी. एक लकी लूझर, आणि दुसरा महिन्यापूर्वीचा लकी लूझर. सेचिनाटोने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि पुढे उपांत्यपूर्व फेरीत खुद्द जोकोविचला घरी पाठवलं. चौथ्या सेटचा टायब्रेकर, म्हणजे बरोबरी फोडणारा निर्णायक गेम, 13-11 असा संपला, तेव्हा तो लाल मातीत पाठीवर आडवा झाला, आणि जोकोविच जाळी ओलांडून त्याच्या बाजूला आला, त्याला मिठी मारायला.

उपांत्य फेरीत डॉमिनिक थीमने त्याला तीन सेटमध्ये हरवलं. तोवर लकी लूझरांच्या सह्यांचा कागद कधीच बंद झाला होता.

नमस्कार.