सोळा तालुके, सोळा चाचण्या
(कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६. समजा, प्रत्येक तालुक्यातल्या कोरडवाहू पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, नोंदी तुमच्याजवळ आहेत: वाण, जमीन भारी की बरड, एकरी क्विंटल. वाण दोनच. कास्तकार विचारतो ते साधं असतं, ‘आमच्याकडं कोणता लावू?’ तुम्ही ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा उघडता, ‘स्प्लिट’नं तालुक्यावार तुकडे पाडता आणि ‘एलॲप्लाय’नं प्रत्येकावर टी-चाचणी, म्हणजे दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी, चालवता. दोन ओळींचं काम.

पहिली अडचण लगेच येते. एखाद्या तालुक्यात एकच वाण पेरलेला निघाला, की चाचणी तिथंच चूक दाखवते आणि सगळी फेरी थांबते. तुम्ही आधी गाळलेला तालुकाही फॅक्टरच्या पातळ्यांत, म्हणजे आरनं ठेवलेल्या गटांच्या यादीत, नावानं शिल्लक राहतो. ‘स्प्लिट’ त्याचाही रिकामा तुकडा देतं. म्हणून आधी ‘ड्रॉपलेव्हल्स’नं ती रिकामी नावं काढा, मग ‘टेबल’ काढून कुठं किती नोंदी आहेत ते डोळ्यांनी बघा. हे किरकोळ आहे, जमून जातं.

खरी गोम उत्तरं आल्यावर आहे. दोन्ही वाणांत काडीचा फरक नसला, तरी ०.०५ च्या कसोटीवर (दर चाचणीत योगायोगानं चुकायची शक्यता शंभरात पाच) १६ स्वतंत्र चाचण्यांत निदान एका तालुक्यात ‘फरक’ दिसायची शक्यता ५६ टक्के! आणि आपण नेमका तोच तालुका अहवालात ठळक करतो. १९८८ साली आयसिस-२ ही हृदयविकारावरच्या औषधांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, रुग्ण १७,१८७. ॲस्पिरिननं मृत्यू घटले. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीप्रमाणेही तुकडे पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना गोळी किंचित अपायकारक निघाली. आपल्याकडं मेडिकलवाल्यानं पत्रिकाच मागितली असती.

पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसायची शक्यता. चाचण्या अनेक असल्या की ही मूल्यं वाढवून घ्यायची, म्हणून ‘पी.ॲडजस्ट’ला सगळी पी-मूल्यं द्या. कोणती पद्धत ते सांगितलं नाही तर ते होल्मची पद्धत वापरतं. पण माझ्या मते एवढ्यानं भागत नाही. घाटंजीत पी ०.०३ आणि दारव्ह्यात ०.२० आलं, म्हणून दोन तालुक्यांत वाण वेगळा वागतो असं सिद्ध होत नाही. दारव्ह्यात कदाचित नोंदीच कमी असतील. तो प्रश्न विचारायचा तर तुकडे न पाडता सगळी माहिती एकाच ‘एलएम’ (रेषीय) मॉडेलमध्ये घाला, वाण गुणिले तालुका, आणि ‘अनोव्हा’च्या तक्त्यात त्या गुणाकाराची ओळ वाचा; वाणांतला फरक तालुक्यागणिक बदलतो का, ते ती सांगते. एकच चाचणी, नेमक्या प्रश्नाची.

मागून कोणीतरी विचारलं, वेच्यांचं (एकाच हंगामात कापूस अनेकदा वेचतात त्याचं) काय? बरं विचारलं. एकाच वावराचे तीन वेचे तीन ओळींत लिहिले, तर आरला ती तीन वावरं वाटतात, आणि पी उगाच लहान होतं. आधी ‘ॲग्रिगेट’नं वावरागणिक बेरीज करा. तालुके त्यानंतर.