गेटासमोरची गाडी आणि उरलेले साडेसात फूट

नमस्कार, श्रोतेहो.

गणपती दोन दिवसांवर आलेत. मुंबईकडची पाटी असलेली मोटार रात्री दोनला कोकणातल्या वाडीत शिरते. बारा तास घाट नि खड्डे खाऊन आलेला चाकरमानी दिसेल त्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, गाडी टेकवतो आणि झोपायला जातो. सकाळी समोरच्या घरातले काका गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायला निघतात. मोटार गेटाबाहेर अर्धी येते आणि अडकते.

"गेट अडवलंत तुम्ही."

"गेट मोकळं आहे की! मी पलीकडच्या बाजूला लावलीय."

गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. आजचं बोलणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे, आणि ती जागा फुटांत मोजता येते.

छोटी मोटार अंगाने साडेपाच-पावणेसहा फूट रुंद असते. गडग्यापासून जरा सोडून लावली, आरसे धरले, की रस्त्याचे साडेसहा फूट गेले. वाडीतला रस्ता १४ फुटी असेल तर उरतात साडेसात. एवढ्यातून सरळ जाणारी मोटार निघून जाते. म्हणून लावणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं, की रस्ता मोकळा आहे.

पण गेटातून बाहेर येणारी मोटार वळते, आणि वळणाऱ्या गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही. ते आतून कोपरा कापत येतं, तर पुढच्या बंपरचा बाहेरचा कोपरा लांब फेकला जातो. छोट्या मोटारीलाही वळताना साधारण सव्वाआठ फुटांचा पट्टा लागतो. त्यात गेटाचा खांब आडवा. हिशेब केला तर १० फुटी गेटातून एका दमात काटकोनात वळायला बाहेर जवळपास १२ फूट मोकळा रस्ता हवा. गेट १२ फुटी असेल तर १० फूट पुरतात. साडेसातांत कुठलंच बसत नाही. मग मागे-पुढे, मागे-पुढे, शेवटी खांबाला दार घासतं आणि तिथून आवाज चढतात.

हे शब्दांनी पटत नाही. चुन्याने पटतं. मैदानावर क्रिकेटच्या रेषा मारतो ती फक्की दोन किलो घ्या. गाडी समोर नसताना आपली मोटार अगदी सावकाश बाहेर काढा. एकाने बाहेरच्या बाजूने चालत बंपरच्या कोपऱ्याखाली फक्की सोडत जायचं, दुसऱ्याने आतल्या मागच्या चाकाशेजारी. दोन कमानी उमटतात. त्या कमानींच्या आत काही उभं राहिलं की गाडी अडते, बाहेर राहिलं तर अडत नाही. शेजाऱ्यांना बोलवा, आणि शक्य असेल तर त्यांचीच मोटार तुमच्या गेटातून त्यांनाच काढू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त पावसाची उघडीप बघून करा, नाहीतर फक्की आधी गटारात जायची.

या कमानींत एक गोष्ट लगेच दिसते. दोन्ही कमानी एकाच बाजूला झुकलेल्या असतात. वाडीचा रस्ता पुढे बंद असेल, तर गाडी जाणार हमरस्त्याच्याच बाजूला. म्हणजे समोर उभी गाडी त्या बाजूने काढून गेटाच्या दुसऱ्या अंगाला, वाडीच्या टोकाकडे सरकवली की प्रश्न मिटतो. जागा तेवढीच लागते, फक्त १५-२० फूट इकडची तिकडे. "इथे लावूच नका" म्हणण्यापेक्षा "काकानू, गाडी वाईच फुडे घेतास काय? ह्या रेषेच्या पलीकडे" हे कधीही सोपं.

आता गेटाकडे वळू, कारण दोष पुष्कळदा गेटाचाही असतो. पूर्वी बेडं, म्हणजे आडवे वासे सरकवायचं फाटक होतं, बैलगाडी सरळ आत यायची. गुहागर, मुरूड, केळशीकडच्या गावांत एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि घरांमागे आगरं, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागा, अशी रचना मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. नंतर बेड्याच्या जागी चिऱ्याचे दोन खांब आणि लोखंडी गेट आलं, रुंदी मात्र जवळपास तीच राहिली. गेट रुंद करायला कंपाउंड पाडावं लागतं, ते परवडेलच असं नाही. पण ज्या बाजूला गाडी वळते तिकडचा एकच कोपरा तीन फुटांनी तिरकस कापला, म्हणजे खांब तीन फूट आत आणि तीन फूट बाजूला, तर मागच्या चाकाला वाट मिळते. मग १० फुटी गेटालाही बाहेर साडेनऊ फूट पुरतात. १६ फुटी रस्त्यावर पलीकडे गाडी उभी असताना उरतात तेवढेच. एका दिवसाचं गवंडीकाम आणि थोडे चिरे. गेटाची पाखं आत उघडणारी हवीत. रस्त्यावर उघडणारं पाख हीसुद्धा अडवणूकच, फक्त ती आपली असते म्हणून दिसत नाही.

आणि गटार. गेटापुढे उतार करताना लोक गटारात सहा इंची पाइप टाकून वर भराव घालतात. पहिल्या मोठ्या पावसात झावळी, नारळाची सोडणं, प्लास्टिक अडकतं आणि पाणी शेजारच्या खळ्यात जातं. पार्किंगचं भांडण मग पाण्याचं होतं आणि पिढीभर टिकतं. पाइप निदान १२ इंची हवा, वरून डोंगराचं पाणी येत असेल तर १८ इंची. त्याहून बरं म्हणजे गटारावर दीड-दीड फूट रुंदीचे सुटे स्लॅब, कडेला उचलायला सळीचे हूक. चार माणसं पहारीने उचलतात, गाळ काढतात, परत बसवतात. गटार ज्याचं, ग्रामपंचायत असो वा बांधकाम खातं, त्याची लेखी परवानगी आधी घ्या. रस्त्याच्या डांबरावर चढवलेला सिमेंटचा उतार हे अतिक्रमण आहे, आणि तुम्ही तक्रार केलीत की समोरचा पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतो.

आता प्रश्न असा, की रस्ता कोणाचा? पोलीस, तहसीलदार की कोर्ट, हे यावर ठरतं. ग्रामपंचायतीचा असेल तर नोंद नमुना २३ मध्ये, रस्त्यांच्या नोंदवहीत मिळते. शहरात नगरपरिषदेकडे विचारा आणि सिटी सर्व्हेचा नकाशा पाहा. कोणाच्या सात-बाऱ्यातून जाणारी वाट असेल तर इतर हक्कांचा रकाना वाचा. हे कागद भांडण नसताना काढून ठेवावेत.

रस्ता सार्वजनिक असेल तर काम सरळ आहे. प्रवेशद्वार अडवून गाडी उभी करायला वाहतुकीच्या नियमांत मनाई आहे, त्यासाठी तुमच्या गेटावर पाटी असायची गरज नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ म्हणतं, की इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडू नये. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये दंड, पुढे १५००. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी उभी, किंवा १० तास वा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी उचलून न्यायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस परवानगी देऊ शकतो. आपण नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, म्हणजे ज्या दिशेने जायचा हक्क आहे तिकडे जाऊ न देणं, यात एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुन्या दंडविधानात हे ३४१ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा क्रमांक लागू आहे, तेव्हा अर्जात जुना लिहू नका.

गाडी आत्ता उभी आहे, आजीला दवाखान्यात न्यायचंय. आधी हाक मारा, मग आजूबाजूच्या दोन घरी विचारा. पाहुण्यांची गाडी कोणाची, हे वाडीत लपत नाही. तरी मालक सापडला नाही तर ११२. फोनवर गाडीचा नंबर, वाडीचं नाव, ओळखीची खूण, किती वेळ उभी आहे आणि आजारी माणूस आहे का, एवढंच सांगा. जुनी भांडणं सांगत बसू नका. गाडी हलण्याआधी तीन फोटो काढा: एक लांबून, ज्यात गेट, गाडी आणि रस्त्याच्या दोन्ही कडा एकत्र दिसतील, दुसरा नंबरपाटीचा, तिसरा उरलेल्या जागेत पसरलेल्या टेपचा. नुसत्या नंबरपाटीच्या फोटोवरून अडथळा सिद्ध होत नाही, आणि लोक नेमका तेवढाच काढतात.

जे करायचं नाही ते ठामपणे सांगतो. चाकातली हवा सोडणं, आरसा वाकवणं, रंगावर ओरखडा, चाकापुढे चिरा टाकणं, यातलं काहीही केलंत की तक्रारदाराचे आरोपी होता. "गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" ही पाटी तर कबुलीजबाबच. आपल्याच सहीने भिंतीवर लिहून ठेवलेला. रस्त्यावर ड्रम, कुंड्या, साखळी लावून जागा अडवणंही चालत नाही, सार्वजनिक रस्ता अडवल्याचं कलम तिथे तुम्हालाच लागेल. साधी पाटी लावा: "गेट वापरात आहे" आणि खाली फोन नंबर.

वाट खासगी जमिनीतून असेल तर मात्र पोलीस म्हणतात, हे दिवाणी आहे. कंटाळा म्हणून नव्हे. कलम १२६ लाच अपवाद आहे: खासगी वाट अडवायचा आपल्याला हक्क आहे असं कोणी सद्भावनेने मानत असेल, तर तो गुन्हा ठरत नाही. मग वहिवाट दाखवावी लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्काने वापर लागतो. "चला हो, तुमचंच आहे" अशा परवानगीने चाललेली वर्षं त्यात धरत नाहीत. त्याच कायद्याचं कलम २८ कोकणात फार महत्त्वाचं: एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा येत नाही. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, पायी जायची वहिवाट असलेल्याला तिथून मोटार न्यायचा हक्क आपोआप मिळत नाही. आणि वाटेचा हक्क हा जायचा, गाडी ठेवून झोपायचा नव्हे.

बागेत, आगरात जायची वाट अडली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नुसत्या राहत्या घराच्या वाटेला हा मार्ग सहसा नसतो, तिथे दिवाणी कोर्ट.

कोर्टाआधी तालुका विधी सेवा समितीकडे जरूर जा. दावा दाखल नसतानाही तिथे समेट करता येतो, आणि लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं, त्यावर अपील नाही. मोफत माहितीसाठी १५१०० हा नंबर आहे. गावातली तंटामुक्त समिती जागी असेल तर ती त्याहून जवळची.

समेट झाला की कागद करा, आणि त्यात "एकमेकांना त्रास देणार नाही" असलं मोघम लिहू नका. गेटाच्या कोणत्या खांबापासून किती फूट, कोणत्या बाजूला, हे लिहा. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला टेंपो येतो त्याची वेळ लिहा. गणपती आणि शिमग्याला पाहुण्यांच्या गाड्या देवळासमोर की शाळेच्या पटांगणात, आणि तिथली परवानगी कोण काढणार, तेही. घरात पर्यटक ठेवणाऱ्यांनी बुकिंग घेतानाच गाडी लावायच्या जागेचा फोटो पाठवायचा आणि रात्री किल्लीवाल्याचा नंबर आपल्याकडे ठेवायचा. १०८ ची रुग्णवाहिका शिरायला आरशांसकट आठ फूट सरळ पट्टा कायम मोकळा, हे पहिल्या ओळीत. खाली दोन्ही घरच्यांच्या सह्या, चुन्याच्या रेषांचा फोटो मागे चिकटवलेला. आणि त्या रेषांच्या जागी रस्त्याच्या कडेला गडग्यावर ऑइलपेंटची दोन बोटं ओढून ठेवा, कारण फक्की पहिल्याच सरीत जाते.

नमस्कार.