नर माशाच्या रक्तातलं अंड्यांचं प्रथिन

[दृश्य: पहाटेचं नाशिकचं तपोवन. पात्रात पाणवेलींचे पुंजके, कडेला फेस.]

गोदावरीचं पाणी तपासलं की अहवालात ठरलेले आकडे येतात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर आहे का, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत आहे का, विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरमागे २,५०० च्या खाली आहेत का. आंघोळीच्या पाण्याची ही मोजमापं आहेत आणि ती हवीतच. पण लिटरमागे एखादा नॅनोग्रॅम संप्रेरक त्यांत कुठेच उमटत नाही. ३ मिलिग्रॅम आणि १ नॅनोग्रॅम यांत ३० लाख पटींचं अंतर आहे. तो नॅनोग्रॅम उमटतो नर माशाच्या रक्तात, आणि ती तपासणी गोदावरीत कशी करायची ते पुढे आहे.

नॅनोग्रॅमचा अंदाज नाशिककराला असा येईल. गंगापूर धरण काठोकाठ भरलं की साडेपाच टीएमसीच्या थोडं वर पाणी साठतं. त्या सगळ्या पाण्यात दीडशे-एकशेसाठ ग्रॅम पदार्थ सारखा मिसळला तर लिटरमागे १ नॅनोग्रॅम होतो. म्हणजे जेमतेम वाटीभर साखर.

एवढ्याशा प्रमाणाने काय होतं, हे कॅनडात तपासून झालं आहे. ओंटारियो प्रांतातल्या प्रायोगिक तलावांपैकी २६० क्रमांकाच्या तलावात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं एथिनिलइस्ट्रॅडायॉल सोडण्यात आलं. गर्भनिरोधक गोळ्यांत असतं ते हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक. प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो नावाच्या बोटभर माशाच्या नरांमध्ये अंड्यांचं प्रथिन तयार झालं, वृषणात अंडपेशी दिसू लागल्या, आणि तलावातली त्या माशाची संख्या जवळपास संपली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

माला-एनच्या एका गोळीत हेच संप्रेरक ०.०३ मिलिग्रॅम असतं. एवढं १० हजार लिटरच्या तीन टँकरांना लिटरमागे १ नॅनोग्रॅम द्यायला पुरतं. तरी गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या माथी खापर फोडू नये. सांडपाण्यातल्या स्त्रीसंप्रेरकांचा मोठा भाग माणसाच्या शरीरात नैसर्गिकरीत्या बनलेला असतो. स्त्रिया, विशेषतः गरोदर स्त्रिया, आणि पुरुषही ते लघवीवाटे बाहेर टाकतात. बाहेर पडताना यकृताने त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निष्क्रिय केलेलं असतं. पण गटारातल्या ई. कोलाय जिवाणूंकडे तो जोड तोडणारं विकर आहे. घरातून निष्क्रिय निघालेलं संप्रेरक मलनिस्सारण केंद्राच्या दारात पोहोचेपर्यंत पुन्हा कामाला लागतं. त्यात डिटर्जंटमधून येणारं नॉनिलफिनॉल आणि प्लास्टिकमधलं बिस्फिनॉल-ए मिसळतं. ही दोन्ही संप्रेरकं नव्हेत, पण माशाच्या पेशी फसतात.

[दृश्य: काचेच्या टाकीत सायप्रिनस. कॅमेरा पोटाखाली.]

या फसण्यावरच सगळी तपासणी उभी आहे. मादी अंडी धरते तेव्हा तिच्या रक्तातलं स्त्रीसंप्रेरक यकृताला आदेश देतं आणि यकृत व्हायटेलोजेनिन बनवतं. हा अंड्यातल्या बलकाचा कच्चा माल. त्याचं जनुक नरातही असतं, पण आदेशच येत नसल्यामुळे गप्प पडून राहतं. बाहेरच्या पाण्यातून आदेश आला की नराचं यकृतही कामाला लागतं. अंडाशय नसल्यामुळे ते प्रथिन कुठे खर्च होत नाही, रक्तातच साचतं. स्वच्छ पाण्यातल्या नराच्या रक्तात ते मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असतं, दूषित पाण्यात मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतं. लाखो पटींची ही वाढ पाण्यातल्या कुठल्याही रासायनिक मोजणीपेक्षा ठळक आहे. शिवाय बाटलीत भरलेलं पाणी त्या एका क्षणाचं असतं. माशाने मात्र दिवसरात्र तेच पाणी कल्ल्यांतून ओढलेलं असतं.

आता मासा कोणता घ्यायचा? इथेच बहुतेक कामं फसतात.

चिलापी (तिलापिया) सगळीकडे मिळतो, गटारातही तगतो, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. पण मत्स्यबीज केंद्रांत चिलापीची पिल्लं मुद्दाम नर केली जातात. त्यासाठी पहिले २१ ते २८ दिवस खाद्यात किलोमागे ६० मिलिग्रॅम मिथाइलटेस्टोस्टेरॉन घालतात. शेततळ्यातून निसटून नदीत आलेला असा चिलापी मुळातच संप्रेरकावर वाढलेला, तो नदीबद्दल काय साक्ष देणार? रोहू-कटल्याचं बीज धरणांत सोडलेलं असतं, मासा कुठे वाढला ते कळत नाही, आणि विणीचा हंगाम सोडला तर नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. मरळ आपली जागा धरून राहतो, पण त्याच्या व्हायटेलोजेनिनला चिकटणारी प्रतिपिंडं बाजारात सहज मिळत नाहीत. एका माशासाठी बनवलेला तपासणीचा संच दुसऱ्या माशावर चालेलच असं नाही, आणि न चालल्यास उत्तर शून्य येतं. ते शून्य स्वच्छ नदीचं म्हणून छापलं गेलं तर सगळंच ओमफस.

म्हणून सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. त्याच्यासाठी संच मिळतात, तो काटक आहे, आणि वयात आलेल्या नराचं पोट हलकेच मागे दाबलं की पांढरं वीर्य येतं. एकाच तळ्यातले, एकाच वेळचे, १५० ग्रॅमच्या आसपासचे नर निवडून पिंजऱ्यात घालून नदीत ठेवायचे, म्हणजे तो मासा कुठून आला हा प्रश्नच उरत नाही.

नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या नाल्यांसाठी गप्पी मासे वेगळे धरावेत. डासांच्या अळ्यांसाठी सोडलेले हे मासे नाल्यांत आपोआप वाढलेले असतात. नराचा गुदपर (गुदद्वारामागचा पर) लांबट नळीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. मादीचा पर नळीसारखा होत चालला असेल तर पाण्यात पुरुषसंप्रेरकासारखं काही आहे. हे भिंगातून दिसतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

[दृश्य: बांबूचा पिंजरा बांधणारे हात.]

पिंजरा एक मीटर लांब, रुंद, खोल. सांगाडा बांबूचा. प्लास्टिकचा पाइप स्वस्त आणि सोपा, पण प्लास्टिकमधून संप्रेरकाची नक्कल करणारे पदार्थ पाण्यात उतरू शकतात आणि आपण शोधायला निघालोय तेच आपल्या पिंजऱ्यातून मिसळू शकतं. जाळी बिनगाठीची, नाहीतर खवले निघतात आणि जखमांत बुरशी धरते. एका पिंजऱ्यात १५ नर, प्रत्येक ठिकाणी दोन पिंजरे, मुक्काम २१ दिवस.

आधीचे दोन आठवडे खाद्य सांभाळायचं. तयार खाद्यात सोयापेंड असते आणि सोयाबीनमध्ये जेनिस्टीनसारखे स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करणारे पदार्थ असतात. त्या खाद्यावर वाढलेल्या नराचं व्हायटेलोजेनिन नदीत जाण्याआधीच चढलेलं असू शकतं. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड द्यावी, आणि तरीही पहिल्या दिवशी १० मासे तपासून ठेवावेत.

ठिकाणं नदीच्या क्रमाने. पहिलं गंगापूर धरणाच्या खाली, सोमेश्वरच्या वर, हे तुलनेसाठी. दुसरं रामकुंडाच्या खाली. तिसरं तपोवनाच्या खाली. चौथं टाकळीला, नासर्डीचा संगम झाल्यावर. सातपूर-अंबडकडचं पाणी नासर्डीतून येतं. पाचवं सायखेड्याला, दारणा मिळाल्यानंतर. मलनिस्सारण केंद्राच्या तोंडाशीच पिंजरा लावू नये. तिथे क्लोरीन असतो, अमोनिया असतो, आणि पहाटे ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. मासे दोन दिवसांत मेले तर संप्रेरकाचं काहीच कळत नाही. पाणी नीट मिसळल्यावर, खाली सरकून लावावा. ऑक्सिजन पहाटे पाचलाच मोजावा. दुपारी शेवाळामुळे तो फसवा चांगला दिसतो. धरणातून आवर्तन सुटलं की तारीख लिहून ठेवायची, कारण त्या आठवड्यात सगळंच पातळ होतं.

[दृश्य: बर्फाची पेटी, सिरिंज, काचेच्या कुप्या.]

एकविसाव्या दिवशी घाई असते, पण क्रम चुकवायचा नाही. माशाला गुंगी आणणारं लवंगेचं तेल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते आधी नऊपट अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात, लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास. सगळ्या ठिकाणी तेच प्रमाण. मासा शांत झाला की शेपटीकडच्या शिरेतून, गुदपराच्या मागे, रक्त गोठू न देणारं हेपरिन लावलेल्या सिरिंजने अर्धा ते एक मिलिलिटर रक्त. व्हायटेलोजेनिन फार नाजूक. रक्तातलीच विकरं त्याचे तुकडे करतात. नळीत आधीच ही विकरं रोखणारं अ‍ॅप्रोटिनिन असावं, नळी बर्फात, आणि तासाभरात थंड सेंट्रिफ्यूजवर प्लाझ्मा वेगळा. मग तीन छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर. एकाच नळीत ठेवला तर दर तपासणीला वितळवावा लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आकडा घसरतो. तपासताना नमुना अनेक पटींनी विरळ करून लावावा, कारण खूप जास्त प्रथिन असलेला नमुना मोजपट्टीच्या बाहेर निघून जातो.

मग पोट उघडून आधी पित्ताशय. बिस्फिनॉल, नॉनिलफिनॉल, संप्रेरकं मासा यकृतातून पित्तात टाकतो, आणि पाण्यात जे नॅनोग्रॅममध्ये सापडत नाही ते पित्तात शेकडो पटींनी दाटलेलं असतं. पण मासा जेवला की पित्ताशय रिकामं होतं. त्यामुळे आदल्या दिवशी सगळे मासे सारखे उपाशी हवेत. पित्त सुईने ओढून काचेच्या कुपीत घ्यायचं, कुपीवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची. शेवटी वृषण: वजन करून ऊती टिकवणाऱ्या बूइनच्या पिवळ्या द्रावणात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. पुढून, मधून, मागून असे तीन ठिकाणचे ५ मायक्रॉनचे काप बघितल्याशिवाय ‘अंडपेशी नाहीत’ असं लिहू नये. तीन आठवड्यांत मोठ्या नरात अंडपेशी सहसा दिसणारही नाहीत. त्या दिसतात नदीतच जन्मलेल्या माशात, म्हणून जाळ्यातले रानमासेही लागतात.

[दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेत फवारणी.]

सायखेड्याच्या खाली प्रश्न उलटा होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी या बुरशीरोगासाठी हेक्साकोनॅझोलसारखी ट्रायझोल बुरशीनाशकं फवारली जातात. बुरशीचं एक विकर अडवण्यासाठी ती बनवली आहेत, पण त्याच कुळातलं अरोमाटेझ विकर मादीच्या शरीरात स्त्रीसंप्रेरक तयार करतं. तेही अडलं तर मादीचं व्हायटेलोजेनिन कमी होतं. म्हणजे शहराखाली नरात वाढ शोधायची आणि बागांच्या पट्ट्यात मादीत घट. दोन्ही कारणं एकाच ठिकाणी आली तर आकडे एकमेकांना झाकू शकतात. पित्ताची तपासणी तिथेच उपयोगी पडते. नांदूर मध्यमेश्वर तर अभयारण्य आहे, २०१९ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे जाळं टाकायला वनविभागाची लेखी परवानगी आधी लागते.

माणसाचं काय? माशाच्या आकड्यावरून माणसाचा डोस काढता येत नाही. मासा त्या पाण्यात श्वास घेतो, आपण दिवसाला दोन-तीन लिटर पितो, आणि नाशिक शहर मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे सांडपाणी मिसळण्याआधीचं पाणी पितं. पण गटाराचं पाणी म्हणजे सगळ्या शहराची एकत्र लघवीच. तपोवनाखालच्या माशाच्या पित्तात बिस्फिनॉल-ए सापडलं तर शहरातल्या घरांत आणि कारखान्यांत ते वापरात आहे, आणि माणसांत कुठले पदार्थ शोधायचे याची यादी तिथे मिळते. मग नदीकाठच्या विहिरींचं पाणी पिणारी आणि आठवड्यातून अनेकदा नदीचा मासा खाणारी घरं निवडून लघवी तपासावी. बिस्फिनॉल-ए काही तासांतच शरीराबाहेर जातं, म्हणून एकाच नमुन्यावर विसंबू नये. तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळची पहिली लघवी, लघवी किती दाट आहे ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनशी ताडून. बाटली पॉलिकार्बोनेटची नको. नमुना घेणाऱ्याने त्याआधी दुकानाच्या गुळगुळीत पावत्या हाताळू नयेत. त्या कागदावरही बिस्फिनॉल असतं. आणि दर वेळी एका बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून तेही सोबत तपासावं.

सिंहस्थाच्या पर्वण्या बहुतेक श्रावण-भाद्रपदात येतात. तेव्हा नदी भरलेली असते, मासे विणीवर असतात, मादीचं व्हायटेलोजेनिन आपोआपच वर असतं. डिसेंबरमध्ये घेतलेल्या आकड्यांशी त्याची तुलना चालणार नाही. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांतले आकडे हातात हवेत. आणि नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागण्याची शक्यता असताना रामकुंडाखाली बांबूचा पिंजरा टिकत नाही. त्या दोन महिन्यांत काठालगतच्या संथ डोहांतून जाळ्याने धरलेल्या रानमाशांवर काम करावं, पिंजरे पाणी ओसरल्यावर लावावेत.