बीबीसी काय म्हणतंय?

३१ ऑक्टोबर १९८४. पश्चिम बंगालचा दौरा अर्धवट सोडून राजीव गांधी दिल्लीकडे निघालेत. आईवर गोळ्या झाडल्याचं कळलंय, पुढचं कुणीच नीट सांगत नाही. जवळ एक ट्रान्झिस्टर आहे आणि त्यावर लावलीय बीबीसी. इंदिराजी गेल्याचं बीबीसीनं दुपारीच सांगितलं. आकाशवाणीवर ती बातमी यायला संध्याकाळ झाली.

ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्याच रेडिओवर आपण एवढा भरवसा कसा टाकला?

१९ डिसेंबर १९३२ ला इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीहून शॉर्टवेव्हवर ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू झाली, ती मुख्यतः साम्राज्यभर पसरलेल्या इंग्रजांसाठी. सुरुवातीचे कार्यक्रम फार रंजक नसतील आणि फार चांगलेही नसतील, असं बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

पुढे इटलीचं रेडिओ बारी अरबी भाषेतून ब्रिटनविरुद्ध प्रचार करू लागलं. त्याला तोंड द्यायला ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा आली. पहिलंच बातमीपत्र, आणि त्यात बातमी काय? पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिशांनी एका अरबाला फाशी दिल्याची! अरब श्रोत्यांची मनं जिंकायला काढलेली ही सेवा. परराष्ट्र खातं खवळलं. पण आपल्या सरकारला अडचणीची बातमीही ऐकणाऱ्यापासून लपवायची नाही, हे त्या दिवशी दिसलं. बीबीसीवरच्या भरवशाची सुरुवात मी तिथूनच धरतो.

म्हणून ही संस्था धुतल्या तांदळासारखी होती, असं मात्र नाही. १९४२ मधलं हे छायाचित्र पाहा. लंडनमधला स्टुडिओ. टेबलाभोवती कवी टी. एस. एलियट, कादंबरीकार मुल्कराज आनंद. मागे उभे लेखक जॉर्ज ऑर्वेल, तेव्हा बीबीसीत भारतासाठीचे कार्यक्रम करणारे. आणि ही साडीतली तरुणी म्हणजे बीबीसीच्या निवेदिका, आपल्या शिरोळच्या वेणू चितळे. इथे मायक्रोफोनसमोर बसण्याआधी हातातल्या प्रत्येक कागदावर दोन शिक्के लागत. एक सुरक्षेचा, दुसरा धोरणाचा. इकडे ‘चले जाव’चे पुढारी तुरुंगात होते आणि तिकडे भारतीयांशी काय बोलायचं, हे सेन्सॉर ठरवत होता. आपला वेळ वाया जातोय असं वाटून ऑर्वेल यांनी १९४३ मध्ये ती नोकरी सोडली. परदेशी सेवेचा खर्च तर २०१४ पर्यंत परराष्ट्र खात्याच्या अनुदानावरच चालायचा. हे विसरून विश्वासार्हतेच्या गप्पा मारता येत नाहीत.

पण १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटन इजिप्तशी लढत होता, त्या युद्धात याच सरकारनं अनुदान कापायची भाषा केली, आणि बीबीसी बधली नाही. पंतप्रधान ईडन यांच्या भाषणानंतर विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांचं युद्धाविरुद्धचं उत्तरही तिनं ऐकवलं. लढाई चालू असताना!

चुका झाल्या, त्याही मोठ्या. २०१२ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमामुळे निर्दोष माणसावर बाललैंगिक अत्याचाराचा संशय आला. १० नोव्हेंबरच्या सकाळी बीबीसीच्याच रेडिओवर, बीबीसीच्याच निवेदकानं, बीबीसीच्या महासंचालकांची उलटतपासणी घेतली. तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही विचारलं नाहीत? जॉर्ज एन्टविसल यांना धड उत्तरं देता आली नाहीत. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. पदावर येऊन जेमतेम ५४ दिवस झाले होते. आपल्याच साहेबाला असं विचारणारी वृत्तसंस्था मला आजही महत्त्वाची वाटते.

आता शेवटचं ठिकाण. बांगलादेश, पाबना जिल्हा, रूपपूर. १९७१ मध्ये इथे एक चहाची टपरी होती आणि टपरीवाल्याकडे एक रेडिओ. पाकिस्तानी सैन्याची दहशत होती, तरी संध्याकाळी गावकरी तिथे जमायचे. चहा प्यायचे, आवाज बारीक करून लंडनहून येणाऱ्या बांगला बातम्या ऐकायचे. ‘चला, बीबीसी ऐकायला’ म्हणत निघायचे. हळूहळू आजूबाजूला दुकानं आली, बाजार भरू लागला.

त्या बाजाराला आजही ‘बीबीसी बाजार’ म्हणतात.