कुलूप आमचंच होतं

मंडळी, विषय ठरलाय ‘बातमीदार ते ग्रंथकार’. त्याकडे येतोच, पण आधी ही वही बघा. लांबट, वरून स्पायरल, खिशात मावणारी. कुलपांचा एक कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या फाटकाबाहेर मी दोन दिवस उभा होतो, तेव्हाची आहे. ११ पानं भरली. डेस्कवरून निरोप आला, पानावर जाहिरात आलीय, २०० शब्दांत दे. दिली. बाकीचं वहीतच राहिलं.

९ वर्षांनी त्या कारखान्यावर पुस्तक लिहायला घेतलं आणि सातव्या पानावर अडकलो. तिथे माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : ‘कुलूप आमचंच होतं.’ अवतरणचिन्हात, म्हणजे कुणीतरी बोललेलं, जसंच्या तसं. शेजारी फक्त ‘बाई, पन्नाशी’. नाव नाही, खातं नाही. फाटकाला लावलेलं कुलूप याच बायकांच्या हातून तयार झालेलं. मला जे ३०० पानांत सांगायचं होतं, ते तिने तीन शब्दांत सांगून टाकलं होतं.

चार महिने तिला शोधलं. युनियनची जुनी माणसं गाठली, घरोघर गेलो. दोघीजणी म्हणाल्या, मीच असेन. त्यातली एक त्या आठवड्यात गावीच नव्हती, हे तिच्याच मुलीने सांगितलं. दुसरीला फाटक आठवत होतं, बोललेलं आठवत नव्हतं. मोह फार झाला, पण ओळ गाळली. बातमीत ‘एका महिला कामगाराने सांगितले’ एवढ्यावर भागतं. पुस्तकात वाचक विचारतो, कोण ही? आणि त्याला विचारायचा हक्क आहे.

म्हणून नव्या बातमीदारांना मी हात जोडून सांगतो, वही फेकू नका. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात. पण कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस बघा. १९५५ साली तो बोगोटाच्या ‘एल एस्पेक्तादोर’मध्ये बातमीदार होता. कोलंबियाच्या नौदलाच्या ‘काल्दास’ या विनाशिकेवरचे आठ खलाशी समुद्रात पडले, वादळामुळे असं सांगितलं गेलं. त्यातला एकच, वेलास्को नावाचा, तराफ्यावर १० दिवस काढून किनाऱ्याला लागला. त्याची कहाणी सगळीकडे छापून झाली होती. तो आपणहून कचेरीत आला तेव्हा मार्केसलाही ती शिळीच वाटली. संपादकाने आग्रह धरला म्हणून तो बसला. रोज सहा तास, अशा २० बैठका. उलटसुलट विचारता विचारता निघालं काय, तर वादळ झालंच नव्हतं! डेकवर चोरटा माल होता, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन. तो सुटला आणि माणसांना घेऊन गेला. सरकारने इन्कार केला. मग पेपरने इतर खलाशांनी प्रवासात हौसेने काढलेले फोटो मिळवून छापले. मित्र मित्र उभे आहेत आणि मागे खोकी दिसतायत! १४ भागांची ती मालिका पुस्तक झाली १९७० साली. शिळी बातमी, १५ वर्षांनी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय. बातमी विचारते, काल काय झालं. पुस्तक विचारतं, हे इतकी वर्षं कुणी का थांबवलं नाही. म्हणून कात्रणं एकापुढे एक चिकटवून पुस्तक होत नाही, पुन्हा त्या जागी जावं लागतं, आणि बातमीच्या वेळी जो बोलला नाही तो आता बोलतो. लिहायला रजा मिळत नाही. मी ड्युटीच्या आधी, पहाटे लिहिलं, अडीच वर्षं. पेपरातली चूक उद्याच्या अंकात दुरुस्त करता येते, पुस्तकातली पुढच्या आवृत्तीपर्यंत छळते. म्हणून प्रत्येक वाक्याचा पुरावा फायलीत हवा. आणि वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, नाव, फोन.

दुसरी आवृत्ती आता निघतेय. त्या कारखान्यात काम केलेलं, किंवा तिथे कुणी नातेवाईक असलेलं कुणी सभागृहात असेल, तर जाताना कृपा करून मला भेटा. सातवं पान मी उघडंच ठेवलंय.