श्वापदाची खूण

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. सात डोक्यांचं श्वापद, अजगर, अरण्यात पळून गेलेली स्त्री अशा दृष्टान्तांनी ते भरलेलं आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकात अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती वसाहतींमध्ये अनेक लोक हे पुस्तक पंचांगासारखं उघडत. काळ कुठवर आलाय, पुढे काय वाढून ठेवलंय, ते त्यात शोधत. या शोधाने त्यांच्या राजकारणाला कसं वळण दिलं, ते आज तुम्हाला सांगायचंय.

आधी त्यातलं गणित. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे इतिहासातलं एक वर्ष, हा नियम. श्वापदाला सत्ता दिली आहे बेचाळीस महिने. तीस दिवसांचा महिना धरला की झाले १२६० दिवस, म्हणजे १२६० वर्षं. मग त्याची सत्ता संपणार. श्वापद म्हणजे पोपची सत्ता, हे तर त्यांनी गृहीतच धरलेलं. अडायचं ते एवढ्यावरच, की मोजायला सुरुवात कुठून करायची? जोनाथन एडवर्ड्ससारखा प्रकांड धर्मचिंतकसुद्धा इसवी सन ६०६ पासून मोजून १८६६ पर्यंत पोचला होता.

पण या सगळ्यात अमेरिका कुठे बसते? इंग्लंडमध्ये केंब्रिजचे विद्वान जोसेफ मीड यांनी एक तर्क मांडला होता. शेवटच्या काळात देवाच्या लोकांवर चालून येणारे गोग आणि मागोग अमेरिकेतून निघतील, असा. समुद्र ओलांडून ज्यांनी तिथे घरं बांधली, त्यांच्या जिव्हारी हे किती लागलं असेल!

त्याला उत्तर दिलं बॉस्टनच्या सॅम्युएल सूअलने. सेलम गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून निरपराधांना फाशी झाली, त्या खटल्यांतला हा एक न्यायाधीश. १६९७ च्या जानेवारीत तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि धर्मगुरूंनी त्याचा पश्चात्ताप वाचून दाखवला. त्याच वर्षी त्याने प्रकटीकरणावर एक पुस्तक छापलं. नवं यरुशलेम, म्हणजे शेवटी अवतरणारं देवाचं नगर, अमेरिकेतच का नसावं, असं त्यात विचारलं. आणि मग विद्वत्ता बाजूला ठेवून तो आपल्या लहानपणीच्या न्यूबरी गावाकडे, समोरच्या प्लम बेटाकडे वळला. मेरिमॅक नदीत मासे पोहताहेत तोवर, समुद्रपक्ष्यांना आपल्या येण्याची वेळ कळतेय तोवर, टेकडीखालच्या कुरणात गुरं चरताहेत आणि मक्याच्या ओळी जोडीजोडीने वाढताहेत तोवर, इथे देवाची माणसं जन्माला येत राहतील, असं त्याने लिहिलं. आपल्या ताम्रपटांत ‘आचंद्रार्क’ लिहीत ना, अगदी तसं. मला हा उतारा फार जवळचा वाटतो. गावावरच्या मायेपोटी एका माणसाने सगळ्या जगाचा शेवट आपल्या नदीकाठी आणून ठेवला. मात्र ही जमीन मुळात ज्यांची, त्या आदिवासींना या वचनाची पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली, हेही विसरून चालणार नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्वापदाची फौज म्हणजे कॅनडातले कॅथलिक फ्रेंच. त्यांच्याशी लढणारा इंग्लंडचा राजा हा देवाच्या बाजूचा. मग १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने स्टँप अ‍ॅक्ट आणला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर भरून घेतलेला सरकारी शिक्का हवा. आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात काय आहे? ज्याच्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण नाही, त्याला काही विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही! १७६६ च्या फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये ज्या झाडाखाली विरोधक जमत, त्या ‘स्वातंत्र्यवृक्षा’साठी लिहिलेल्या एका भाषणात लोकांना हाच इशारा दिलेला आहे: शिक्का घ्याल तर श्वापदाची खूण घ्याल.

कराचा वाद वकिलांचा होता. हक्कांची भाषा शिकलेल्यांची होती. पण रविवारी चर्चच्या बाकावर बसणाऱ्या शेतकऱ्याला तो अध्याय तोंडपाठ होता. श्वापदाचं नाव तेच राहिलं आणि बोट मात्र रोमवरून लंडनकडे वळलं. पुढे १७७६ च्या जानेवारीत सॅम्युएल शेरवुड या कनेटिकटच्या धर्मगुरूने बाराव्या अध्यायावर प्रवचन केलं. गरुडाचे पंख मिळालेली ती स्त्री, म्हणजे देवाची मंडळी, अरण्यात पळाली. ते अरण्य म्हणजे अमेरिका. त्यानंतर सहाच महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

राज्य मिळालं, तरी वाट पाहणं संपलं नाही. एडवर्ड्सचा शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स याने १७९३ मध्ये ख्रिस्ताच्या येणाऱ्या सहस्र वर्षांच्या राज्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा दिवसाला दोन-तीन तास काम पुरेल, साऱ्या जगाची भाषा एक होईल, असं त्याला दिसत होतं. ते राज्य जवळ आणायचं तर जगभर जायला हवं, या ओढीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. तिचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत कुठे उतरले, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत. जगाची भाषा एक व्हायची होती, पण हॉलसाहेब इथे मराठी शिकले, मराठीत बोलू लागले, बायबलचं मराठी भाषांतर करू लागले. १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्यांच्या मिशनने मुंबईत मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापून पूर्ण केला. त्याचं शेवटचं पुस्तक अर्थातच प्रकटीकरण. ते श्वापद, ती खूण, गरुडाचे ते दोन पंख आता देवनागरीत होते.

नमस्कार.