केळीपट्ट्यातलं वाचनालय

(रावेर तालुका, सकाळ. केळीची कापणी. पहिल्या शॉटवर निवेदन नको; कोयत्याचा आणि पानांचा आवाज राहू द्यावा.)

घड पाऊण भरला की कापायचा. बागेतच पिवळा होऊ दिला, तर फार फार तर भुसावळच्या बाजारापर्यंत पोचेल. एकाने दांड्यावर कोयता मारायचा, दुसऱ्याने खांदा पुढे करायचा. घड जमिनीला टेकला की सालीवर डाग, आणि डाग पडला की तो माल निर्यातीतून बाद.

बांधावर फण्या सुट्या होतात. तुरटीच्या पाण्यात त्यांचा चीक धुतला जातो. हे पाणी बघा, सकाळी नितळ होतं. मग फोमचा कागद, 13 किलोचं खोकं, आणि खोकं थेट गार कंटेनरमध्ये. आत 13 ते 14 अंश. त्याहून थंड झालं तर साल काळवंडते, गरम राहिलं तर केळी समुद्रातच पिकायला लागतात.

(सावदा स्टेशन, मालगाडी. मग महामार्गावरचा कंटेनर.)

इथलं केळं वॅगनमध्ये बसून दिल्लीला जायचं, अजूनही जातं. आता ते आखातात जातं, इराणलाही जातं. पॅकिंगवरच्या पोरांना कंटेनरचा नंबर तोंडपाठ असतो. तो ज्या देशात उतरतो, तिथली माणसं कशी राहतात, हे आम्ही त्यांना विचारलं.

(तिघांची उत्तरं जशीच्या तशी. हसणं कापू नये.)

(वाचनालयाची पाटी. आतली कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल.)

केळी कापली त्याच गावातलं हे सार्वजनिक वाचनालय. दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, मागच्या खोलीत पुस्तकं आणि गणपतीच्या मखराचं सामान. सकाळी पेपर वाचायला येणारे बहुतेक जण मागच्या खोलीत कधी डोकावतच नाहीत.

मागच्या खोलीत पुस्तक येतं कसं, तेही पाहू. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गानुसार अनुदान. हप्ता आला की आधी पगार, मग वीजबिल, मग पुस्तकं. काही पुस्तकं कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून येतात. गठ्ठा सुटला की ग्रंथपाल ताई प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवतात, ठरलेल्या पानावर शिक्का मारतात, पाठीवर क्रमांक चिकटवतात, शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी लावतात.

(शिक्क्याचा क्लोजअप. तीन वेळा. हा शॉट पूर्ण वापरावा.)

एवढं सगळं झाल्यावर पुस्तक कपाटात जातं. तिथून ते बाहेर पडेलच, असं नाही.

हे मात्र बाहेर पडलं. ‘एकांत के सौ वर्ष’. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची 1967 ची कादंबरी, हिंदी अनुवादात. इथून मध्य प्रदेशची हद्द जवळ, बाजारासाठी बऱ्हाणपूरला रोजचं जाणं-येणं. त्यामुळे हिंदी पुस्तकाचं कुणाला ओझं वाटत नाही. तारखेच्या चिठ्ठीवर सलग पाच-सहा शिक्के एकाच सभासदाचे आहेत. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. निवृत्त मास्तर, घरची केळीची बाग.

(पुस्तकाचं पान जवळून. कोपऱ्यावर तपकिरी अंगठा.)

हा डाग चिकाचा आहे. केळीचा चीक कपड्याला लागला तरी जात नाही, कागदाला तर विचारूच नका. ताई म्हणतात, “यासाठी नानांना दंड लावला, तर अर्ध्या गावाला लावावा लागेल.”

कादंबरीत माकोंदो नावाचं गाव आहे. तिथे एक परदेशी पाहुणा जेवायला बसतो. त्याला केळं देतात. तो खातो, आणखी मागतो, मग खिशातून उपकरणं काढून केळं तपासू लागतो. काही दिवसांनी कंपनी येते. मजूर येतात, वसाहत उठते, संप होतो, स्टेशनासमोर गोळ्या चालतात. प्रेतं आगगाडीत भरून नेतात. त्यातून वाचलेला एक माणूस गावात परततो, तर असं काही घडलंच नाही, असं सगळे त्याला सांगतात. त्यानंतर चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस.

(नाना बागेत, पाटाशेजारी बसून. प्रत्यक्ष आवाज.)

“तीन हजार माणसं मेले, असं लिव्हलंय. मले वाटलं, असतीन. मंग नातीनं मोबाईलवर पाह्यलं.”

नातीने जे शोधलं, ते असं. 1928 च्या डिसेंबरात कोलंबियातल्या सिएनागा इथे युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. मजुरांना आठवड्याला एक सुट्टी हवी होती, पगार वाढवून हवा होता. मजुरी कंपनीच्या दुकानातल्या कुपनांत नको, रोख हवी, हीसुद्धा मागणी होती. मेले किती? गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या सेनाधिकाऱ्याने 47 सांगितले. अमेरिकी दूतावासाच्या अहवालात आकडा हजाराच्या वर आहे. इतिहासकारांचं आजही एकमत नाही. तीन हजार हा कादंबरीकाराचा आकडा. हा लेखक त्याच केळीपट्ट्यातल्या आराकाताका गावी, गोळीबाराच्या आदल्या वर्षी जन्मला.

म्हणजे नानांनी एका देशासाठी दोन पुस्तकांचं काम केलं. कादंबरीने त्यांना स्टेशनासमोर नेऊन उभं केलं; मेलेले मोजायला त्यांना इतिहासाकडे जावं लागलं. आमच्या मते परदेश वाचायचा तो असाच. नुसत्या कादंबऱ्या वाचून देश कळल्याचा जो एक तोरा येतो, तो शहरात आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

पुढे नाना ग्वाटेमालाला पोचले. तिथे 1952 साली सरकारने कायदा करून मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली. सर्वांत मोठी जमीनदार होती हीच फळ कंपनी. 1954 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने मदत पुरवलेल्या उठावात राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच देशाच्या मिगेल आंखेल आस्तुरियास यांनी केळीच्या मळ्यांवर एक सोडून तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना 1967 चं नोबेल मिळालं. त्यातली एकही या कपाटात नाही. मागणी नोंदवहीत नानांच्या अक्षरात आहे.

(अमळनेर. तत्त्वज्ञान मंदिराची इमारत, प्रताप हायस्कूलचा व्हरांडा, शाळा सुटतानाची मुलं.)

खानदेशाला असं परदेश वाचणं नवं नाही. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 चं. तिथे शिकायला आलेले पांडुरंग सदाशिव साने 1924 मध्ये इथल्या शाळेत मास्तर झाले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढू लागले. ‘श्यामची आई’ घराघरांत गेली, त्यामुळे साने गुरुजींचं दुसरं काम झाकलं गेलं. व्हिक्टर ह्यूगोची फ्रेंच कादंबरी त्यांनी ‘दुःखी’ म्हणून मराठीत आणली. टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक आणलं. ‘मानवजातीचा इतिहास’ मराठी वाचकाच्या हाती दिला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून तिरुक्कुरल हे जुनं तमिळ काव्य आणलं. फ्रान्स-रशिया न पाहिलेला हा माणूस शेतकऱ्यांच्या पोरांना फ्रान्स-रशिया वाचायला देत होता.

(धुळे कारागृह, बाहेरून.)

या भिंतीआड 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि गुरुजी ते उतरवून घेत.

(पुन्हा रावेर. रोपवाटिका, हरितगृहातल्या रोपांच्या रांगा.)

एक गोष्ट जाता जाता. माकोंदोच्या त्या काळी युरोप-अमेरिकेत जाणारं केळं ग्रो मिशेल जातीचं होतं. मातीतल्या बुरशीने मर रोग आला आणि 1960 च्या दशकापर्यंत ही जात व्यापारातून उठली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपल्या बागांतलं जी-नाईन वाण त्याच घराण्यातलं. या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. 2019 मध्ये तो कोलंबियात सापडला, त्याआधीच बिहारमध्ये आला होता.

कापणीच्या टोळीतलं अजून कुणी वाचनालयाचं सभासद नाही.

(वाचनालय, संध्याकाळ. मागणी नोंदवहीचं उघडं पान.)

वहीत आस्तुरियासच्या खाली एक नवी नोंद आहे, पॅकिंगवरच्या त्या तिघांपैकी एकाची. “इराणवर काही आहे का?” ताईंनी कपाट धुंडाळलं. इराणचं म्हणून हाती लागलं ते माधव जूलियन यांनी थेट फारसीवरून मराठीत आणलेलं उमर खय्यामचं काव्य. पोराने ते नेलं आणि चार दिवसांनी आणून दिलं. त्याला बंदर अब्बास कुठे आहे ते हवं होतं. आपला माल तिथे उतरतो, तरी निर्बंधांमुळे पैसे का अडकतात, हे हवं होतं. ताईंनी खरेदीच्या यादीत इराणच्या आधुनिक इतिहासावरचं एक पुस्तक घातलंय. अनुदानाचा पुढचा हप्ता आल्यावर यादी निघेल.